पन्हाळीचे पाणी कुणाच्या अंगणात?

तुळशीचे लग्न झाले की फैजपूरच्या गल्ल्यांतून घणाचे आवाज ऐकू येऊ लागतात. कुठेतरी धाब्याचे जुने घर उतरवायला काढलेले असते. आधी छपरावरची माती खाली येते, मग तुळया, मग खांब. भिंतींची पांढरी माती ट्रॉलीत भरून गावाबाहेर जाते. सागवानी खांब भावाभावांत वाटले जातात, नाहीतर विकले जातात. महिन्याभरात त्याच जागी सळया उभ्या राहतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी स्लॅब पडलाच पाहिजे म्हणून घरातल्या सगळ्यांची धावपळ चालते. मिस्त्री ठरतो, रेती-सिमेंटचा हिशोब होतो, पायाभरणीचा मुहूर्त निघतो. एक गोष्ट मात्र अनेकदा शेवटी विचारली जाते: परवानगी काढली का? त्यावरचे उत्तर सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ‘जागा आपली, पैसा आपला, घर आपले, परवानगी कसली?’

या प्रतिप्रश्नाला गंभीरपणे उत्तर द्यायला हवे. तो विचारणारा माणूस कायदा मोडायला निघालेला नसतो. आयुष्यभराची पुंजी लावून तो एक घर बांधत असतो आणि आपल्याच दारात आपल्यालाच कुणी अडवावे, हे त्याला कळत नाही. त्याच्या बोलण्यात खरी वेदना आहे आणि एक गैरसमजही आहे. दोन्ही नीट समजून घ्यायचे तर आजच्या अर्जाच्या नमुन्यापासून बरेच मागे जावे लागते.

बांधकामाचा पहिला वाद पालिकेच्या कितीतरी आधीचा आहे. माझ्या पन्हाळीचे पाणी कुणाच्या अंगणात पडणार, हा तो वाद. घर माझे असले तरी त्याचे पाणी माझ्या हद्दीत थांबत नाही. त्याची सावली शेजारच्या ओट्यावर पडते, त्याची खिडकी दुसऱ्याच्या माजघरात डोकावते, त्याच्या मोरीचे पाणी गल्लीच्या उताराला लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वास्तुक’ या नावाखाली नेमके हेच विषय आले आहेत. दोन घरांमध्ये जागा किती सोडावी, सांडपाण्याला उतार कसा द्यावा, खिडकी कुठे ठेवावी, शेजाऱ्याला त्रास झाला तर दंड किती, याचे नियम तिथे आहेत. बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरती केलेली सोय मात्र त्यातून वगळली आहे. कायम उभे राहणारे काय आणि गरजेपुरते तात्पुरते काय, हा फरक इतक्या जुन्या काळीही माणसाने केला होता. शेजारी खूश असेल तर गोष्ट आपसात ठरवण्याची मोकळीकही तिथे होती, कारण नियमाचे मूळच शेजारधर्मात होते.

आपल्या गावांनी हाच शेजारधर्म काळी आणि पांढरी या दोन शब्दांत बसवला. काळीत पीक, पांढरीत घर. पांढरीत कुणी कुठे भिंत घातली, कुणाची वळचण कुणाच्या हद्दीवर आली, बैलगाडीची वाट कुणी अडवली, याचा निवाडा पाटील आणि पंच करत. पेशवाईतल्या पुण्यात रस्ते, गल्ल्या आणि घरे यांचे तंटे सोडवणे हे कोतवाली व्यवस्थेचे काम होते. पण या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. कुणी गावकुसाच्या आत राहायचे आणि कुणी बाहेर, हेही तीच व्यवस्था जातीवरून ठरवत होती. शेजाऱ्याचे पाणी ती जपत होती. पण शेजारी कुणाला मानायचे, हे तिने आधीच ठरवून टाकले होते. म्हणून लिखित, सर्वांना सारखा लागू होणारा नियम येणे ही पुढे गेलेली पायरीच होती.

तो लिखित नियम ब्रिटिश अमलात आला, आणि तो दोन वेगवेगळ्या दारांतून आला. 1818 साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सरकारचा पहिला डोळा काळीवर होता, कारण सारा तिथून मिळत होता. मुंबई जमीन महसूल संहिता 1879 साली झाली. तिच्या 65 व्या कलमाने शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कलेक्टरची परवानगी लागू केली. कलेक्टरने तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, अशी तरतूदही त्याच कलमात होती. आज आपण ज्याला ‘एनए करणे’ म्हणतो, त्याचे बीज इथे आहे. हे दार महसुलाचे. या दाराला घराच्या भिंतीशी कर्तव्य नव्हते. जमीन काळीतून पांढरीत गेली तर सरकारच्या साऱ्याचे काय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

दुसरे दार आगीचे आणि रोगराईचे. 1803 साली मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. दाटीवाटीची लाकडी वस्ती जळाली आणि त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती पसरत गेली. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने इमारत बांधण्याआधी पालिकेला सूचना देण्याची सविस्तर कलमे आणली. 1896 साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, हवा नसलेल्या खोल्यांत माणसे मेली. 1898 साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 1901 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने मुंबईबाहेरच्या पालिकांच्या हद्दीतही बांधकामाआधी लेखी सूचना देणे भाग पडले. या कायद्यातला शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने घरमालकाकडून सूचना मागितली: मी अमुक जागी अमुक बांधणार आहे, हे आधी कळवा. कळवल्यावर पालिका नकाशा मागू शकत होती, हरकत घेऊ शकत होती. परवानगीच्या कागदाचा जन्म असा कळवण्यातून झाला.

आज आपण बांधकाम परवाना म्हणतो त्यात ही दोन्ही मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक मूळ महसुलाचे, दुसरे जीव वाचवण्याचे. नागरिकाला मात्र ती वेगळी दिसत नाहीत. त्याला फक्त खिडकी, शुल्क आणि शिक्का दिसतो. त्यामुळे जीव वाचवणारा नियमही त्याला साऱ्याच्या वसुलीसारखा वाटू लागतो. आपल्या मनातल्या बऱ्याच रागाचे कारण या गुंत्यात आहे.

राग येण्याचे आणखी एक कारण आहे: नियम ज्या रीतीने दारात येतो ती रीत. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजिरांना घराघरांत शिरवले गेले. हेतू रोग आटोक्यात आणण्याचा होता, पण देवघर आणि माजघर यांचा मान राहिला नाही. लोकांचा संताप इतका वाढला की 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. केसरीतल्या लेखनासाठी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते तुरुंगात गेले. हेच टिळक प्लेगच्या काळात पुणे सोडून गेले नव्हते. त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ चालवले होते. स्वच्छतेला आणि उपायांना त्यांचा विरोध नव्हता. माणसाला न विचारता, त्याचा अपमान करून राबवलेल्या उपायांना होता. या दोन गोष्टींतला फरक तेव्हाच्या सरकारला कळला नाही.

सातपुडा ओलांडला की इंदूर. तिथे काही वर्षांनी याच्या उलट घडले. स्कॉटलंडमधून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडेस होळकरांच्या इंदूरसाठी काम करत होते. त्यांचा अहवाल 1918 साली निघाला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृती होती, आणि मिरवणूक जाणार होती ती सर्वांत स्वच्छ केलेल्या गल्ल्यांतून. लोकांनी आपणहून घरे झाडली, कचरा काढला, दारे रंगवली. गेडेस जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याच्या विरोधात होते. एखादी भिंत हलवावी, एखादा चौक मोकळा करावा, विहीर आणि झाड वाचवावे, म्हणजे वस्तीही टिकते आणि हवाही खेळते, असे त्यांचे सांगणे होते. काम तेच, रोगही तोच. पुण्यात बंदूक पुढे होती आणि इंदुरात लोक पुढे होते, म्हणून परिणाम वेगळा झाला.

आणि मग आपले फैजपूर. 27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. खेड्यात अधिवेशन भरवायचे ते खेड्याच्या साधनांनीच, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोसांनी आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी बांबू, तट्टे, लाकूड आणि इथल्या कारागिरांचे हात एवढ्या भांडवलावर एक नगर उभे केले. त्याचे नाव टिळकनगर. घरात न विचारता शिरणाऱ्या सत्तेशी जो माणूस भांडला, त्याच्या नावाचे हे नगर आपल्या शिवारात उभे राहिले, याचा अर्थ आपण पुरेसा ओळखलेला नाही.

तिथे सिमेंट नव्हते, दिखाऊपणा नव्हता. पण आधी विचार केलेला होता. माणसे कुठून येणार, पाणी कुठून आणायचे, स्वयंपाक कुठे, शौचकूप कुठे, वाटा किती रुंद, प्रदर्शन कुठे, सभामंडप कुठे, हे पहिला बांबू रोवण्याआधी ठरवल्याशिवाय देशभरातून येणाऱ्या माणसांसाठी शेतात नगर वसवता येत नाही. काम झाल्यावर ते नगर काढले गेले आणि काळी पुन्हा काळी झाली. तात्पुरत्या बांबूच्या मंडपासाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने एवढा विचार केला. साठ-सत्तर वर्षे टिकावे म्हणून आपण जे आरसीसीचे घर बांधतो, त्यासाठी तेवढा तरी विचार आधी व्हायला नको का? बांधकाम परवाना म्हणजे मुळात हा आधी केलेला विचार. तो कागदावर मांडून शेजाऱ्यापुढे आणि गावापुढे ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ.

अधिवेशनाला सव्वा वर्ष होते न होते तोच, 14 मार्च 1938 रोजी, सातपुड्याच्या पट्ट्यात सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांखाली खडकात जुन्या भेगा आहेत. भूकंपाच्या नकाशात जळगाव जिल्हा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात येतो. आपल्याकडे ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे झाले ते मात्र साऱ्या महाराष्ट्राला आठवते. तिथे हजारो माणसे गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड छपरे अंगावर आल्याने. आपले धाबेही तसेच जड असते. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते, म्हणून ते आपल्या हवेला शोभते. पण त्याखालचा खांब कुजलेला असेल, किंवा एका बाजूची भिंत काढून तिथे दुकानाचे शटर बसवले असेल, तर तीच माती जिवावर उठते. दर पावसाळ्यात खान्देशात कुठे ना कुठे मातीचे जुने घर बसते. अशा घराला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवणे ही कागदी अट मानू नये. आत झोपणाऱ्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने ही सगळी व्यवस्था नव्याने मांडली. 1965 साली नगरपालिकांचा कायदा झाला. 1966 साली एकाच वर्षात दोन कायदे झाले, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. म्हणजे महसुलाचे मूळ आणि नियोजनाचे मूळ, दोन्ही एकाच वर्षी नव्या कायद्यांत उतरली. खेड्यांसाठी ग्रामपंचायत कायद्याचे 52 वे कलम होतेच. नगररचना अधिनियमाने ‘विकास’ या शब्दाला मोठी व्याप्ती दिली. नवे बांधकाम, जुन्यात मोठा बदल, जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातला बदल, हे सारे त्यात येते. त्याच कायद्याच्या 43 व्या कलमाने सूटही दिली आहे. घराच्या आतली दुरुस्ती, किंवा जिच्यामुळे बाहेरचे रूप फारसे बदलत नाही अशी डागडुजी, यांना परवानगी लागत नाही.

ही सूट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ती सोप्या शब्दांत सांगायला हवी. गिलावा नव्याने करणे, रंग देणे, फरशी बदलणे, छपराची दुरुस्ती त्याच साहित्याने करणे, आत पातळ आडभिंत घालणे, आतल्या आत दार काढणे, पडलेल्या विटा पुन्हा बसवणे, ही कामे परवानगीशिवाय करता येतात. याउलट नवे घर बांधणे, जुने पाडून पुन्हा बांधणे, मजला चढवणे, ओटा किंवा सज्जा गल्लीत पुढे काढणे, खांब, तुळई किंवा भार वाहणाऱ्या भिंतीला हात लावणे, राहत्या घराचे दुकान, दवाखाना किंवा गोदाम करणे, या कामांना परवानगी लागते. केळीच्या पट्ट्यात शेतात किंवा रस्त्याकडेला रायपनिंग चेंबर, शीतगृह, पॅकिंगचे शेड उभारले जाते, तिथेही शेतीचा वापर बदलतो. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला लागून बांधायचे असेल तर रस्त्यापासून सोडायच्या अंतराचा प्रश्न वेगळा येतो. ओळखण्याची एक साधी खूण आहे. आपल्या कामाने घराचा भार बदलतो का, हद्द बदलते का, वापर बदलतो का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर बहुधा निर्धास्त राहावे. एकाचेही ‘हो’ असेल तर कुदळ मारण्याआधी पालिकेत जाऊन विचारावे.

परवाना हा एक कागद नसतो, त्याला टप्पे असतात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने केलेला नकाशा, शुल्क, मग प्रारंभ प्रमाणपत्र. पाया वर आला की जोत्याची तपासणी. काम पुरे झाले की भोगवटा प्रमाणपत्र. आपल्याकडे पहिल्या टप्प्याची चर्चा होते आणि शेवटचा टप्पा विसरला जातो. भोगवटा नसलेले घर विकताना अडते, त्यावर कर्ज काढताना बँक हात आखडते. मंजूर नकाशा एक आणि उभी राहिलेली इमारत दुसरी असेल, तर ते शेवटच्या तपासणीत उघडे पडते. म्हणूनच ती तपासणी टाळण्याची सवय जडली आहे.

2 डिसेंबर 2020 रोजी राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे सोडून ती जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. तिने लहान माणसासाठी एक मोठी गोष्ट केली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर जाणकाराने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्काची पावती दाखल केली की तीच परवानगी समजायची. 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत. 2021 साली ग्रामीण भागासाठीही याच धर्तीवर निर्णय झाला. 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या घरासाठी कागदपत्रांसह ग्रामपंचायतीला कळवणे पुरे. 1,600 ते 3,200 चौरस फुटांपर्यंत नगररचना कार्यालयाकडे न जाता ग्रामपंचायतीकडून प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचे. म्हणजे एकशेवीस वर्षांनी आपण पुन्हा 1901 च्या शब्दावर आलो: आधी कळवा. लहान घरापुरता तरी परवाना पुन्हा सूचनेच्या जवळ गेला आहे. नियम इतका जवळ आला असताना तो टाळण्याची सवय आपण चालू ठेवली, तर दोष आता एकट्या सरकारचा राहणार नाही.

पण सरकारचा आणि पालिकांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. घर आजोबांच्या नावावर असते, चार चुलत्यांपैकी दोघे पुण्या-सुरतेला असतात, वारसनोंद राहून गेलेली असते. जोपर्यंत सगळ्यांच्या सह्या होत नाहीत तोपर्यंत फाइल हलत नाही आणि तोवर इकडे भिंत कलत जाते. विकास योजनेत एखाद्याच्या प्लॉटवर आरक्षण पडते. जागा संपादितही होत नाही आणि मालकाला बांधूही दिले जात नाही. कायद्याने दहा वर्षांनंतर नोटीस देऊन दोन वर्षांत संपादन न झाल्यास आरक्षण रद्द होण्याचा मार्ग दिला आहे, पण माणसाच्या उमेदीच्या वयातली बारा वर्षे ही केवढी किंमत! अर्जावर साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर नियमात बसणाऱ्या नकाशाला परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद नगररचना कायद्यात आहे. 1879 पासून कायदा कार्यालयांना मुदत घालून देतो आहे. कारण उत्तर न देणे हाही अन्याय आहे, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही कळत होते.

तरीही सर्वांत खोल जखम दिरंगाईने झालेली नाही. ती झाली आहे आपण नियमितीकरणाचा जो बाजार मांडला त्याने. 2001 साली गुंठेवारी कायदा आला. 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागांवरची वस्ती, नियमित करण्यासाठी. 2021 साली ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे सरकवली. 2017 साली 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड आकारून नियमित करण्याची सोय झाली. या प्रत्येक निर्णयामागे गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवण्याचे कारण होते आणि ते कारण खोटे नव्हते. ज्याने दुसरा पर्यायच नसल्याने गुंठाभर जागा घेतली त्याला बेघर करणे कुठल्याच न्यायात बसत नाही. पण तारीख पुन्हा पुन्हा पुढे सरकली की समाज एक धडा शिकतो: आधी बांधा, मग बघू. ज्याने रीतसर नकाशा केला, मोकळी जागा सोडली, शुल्क भरले, तो मूर्ख ठरतो. प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवणारा नियम फार काळ टिकत नाही.

‘मग बघू’ची किंमत कुठे मोजावी लागते तेही आपण पाहिले आहे. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाउंडमधली विनापरवाना, घाईने उभी केलेली इमारत कोसळली. 74 माणसे मेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची पाच मजली तारिक गार्डन कोसळून 16 जणांचा जीव गेला. ती दहा वर्षांचीही जुनी नव्हती. तिथे बिल्डर, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर पालिकेतल्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. मुंब्र्यात कागदच नव्हता. आणि महाडने दाखवले की कुणाच्या सहीने भिंत उभी राहत नाही. जोता प्रत्यक्ष बघावा लागतो, सळई मोजावी लागते, सही करणाऱ्याने जागेवर यावे लागते.

2024 च्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना हात घातला. 13 नोव्हेंबरच्या निकालाने सांगितले की पंधरा दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कुणाचे घर पाडता येणार नाही. 17 डिसेंबरच्या निकालाने सांगितले की अनधिकृत बांधकामाला दिरंगाई किंवा खर्च झाल्याचे निमित्त सांगून माफी मिळणार नाही. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावावा, वेळोवेळी तपासणी व्हावी आणि पूर्णत्वाच्या किंवा भोगवट्याच्या प्रमाणपत्रानंतरच वीज, पाणी यांची जोडणी मिळावी. काही जणांना हे दोन निकाल परस्परविरोधी वाटले. ते तसे नाहीत. घराचा मान राखा आणि गल्लीचाही राखा, असे ते मिळून सांगतात. पुण्यातल्या 1897 चा धडा आणि महाडचा धडा एकाच महिन्याच्या अंतराने न्यायालयाने शब्दांत मांडला.

आता आपल्या गावाकडे येऊ. फैजपूर ही ब्रिटिश काळापासूनची पालिका आहे, आणि यावल-रावेरच्या केळी पट्ट्यातले मध्यवर्ती गाव आहे. इथे पैसा येईल तसे बांधकाम वाढणार, हे उघड आहे. अशा प्रत्येक पालिकेने आणि ग्रामपंचायतीने चार गोष्टी करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. परवानगी लागणारी आणि न लागणारी कामे सोप्या मराठीत मोठ्या फलकावर दारातच लावावीत, म्हणजे मध्यस्थाचे अर्धे काम संपेल. प्रत्येक अर्जाचे उत्तर मुदतीत, लेखी आणि कारणासह द्यावे. प्रत्येक बांधकामावर मंजूर नकाशा लावला आहे की नाही हे बघावे, म्हणजे पहिला तपासनीस शेजारीच होईल. आणि जोत्याची तपासणी कार्यालयात बसून करू नये. याशिवाय, जुन्या गावठाणातल्या दाट वस्तीसाठी नियमावलीत वेगळ्या सवलती आहेत, त्या लोकांना समजावून सांगाव्यात. गावातले अभियंते आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी पावसाळ्याआधी जुनी धाब्याची घरे पाहून धोक्याची भिंत ओळखून देऊ शकतील. हे काम गेडेसनी इंदुरात केले त्याच जातीचे आहे. त्यासाठी हुकूम लागत नाही, गावाने एकत्र यावे लागते.

आपल्या वाट्याचे काम त्याहून अवघड आहे. मुहूर्त काढताना नकाशाही काढायचा. गल्लीतला हातभर ओटा सोडून द्यायचा. वारसनोंद भांडण होण्याआधी करून घ्यायची. मिस्त्रीच्या अनुभवाचा मान ठेवून सळईचा हिशोब अभियंत्याकडून घ्यायचा. आणि शेजाऱ्याने नकाशा पाहून हरकत घेतली तर त्याला वैरी समजायचे नाही. तो त्याच्या अंगणाबद्दल बोलत असतो.

जुनी माणसे घर उतरवण्याआधी शेजारच्या दारात जाऊन सांगत असत: उद्यापासून काम काढतो आहे, धूळ येईल, सांभाळून घ्या. त्या सांगण्याला शुल्क नव्हते आणि शिक्काही नव्हता. पण आपल्या घराचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात जाते, हे त्यात कबूल केलेले होते. गाव मोठे झाले, गल्लीत अनोळखी माणसे आली, घरे तीन-चार मजली झाली. प्रत्येक दारात जाऊन सांगणे आता शक्य नाही. म्हणून आपण सगळ्यांच्या वतीने एक दार ठरवले, पालिकेचे. तिथला अर्ज भरताना आपण सरकारपुढे हात पसरत नाही. शेजाऱ्याला आधी सांगतो आहोत. आणि ते दार उघडणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, समोर आलेला माणूस आयुष्यभराची पुंजी घेऊन उभा आहे.